एकशे चौसष्टची वाटणी

माझ्या वाढलेल्या रक्तदाबाला माझी पोरगी जबाबदार आहे, असं यंत्रानं कळवलं तेव्हा मी आधी हसलो. म्हटलं, याचं डोकं फिरलंय. मग समजलं की तोच निरोप तिलाही गेलाय. तेव्हा हसू पळालं.

पहिल्यापासून सांगतो. मधूनच सुरू करणाऱ्या माणसांचा मला भारी राग येतो.

मी दिगंबर मुसळे, इचलकरंजीचा. सारी उमर मागावर जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो सुधारणारा माणूस. खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, खडखडाट असा, की शेजारच्याला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून मारावी लागायची. घरी आलो तरी तीच सवय. बायको म्हणायची, अहो, मी काय मागापलीकडं उभी आहे का? ती गेली त्याला दोन वर्षं झाली. आता माग स्वतःचं दुखणं स्वतःच ओळखतात आणि स्वतःच निस्तरतात, त्यामुळं जॉबर नावाचा प्राणीही संपला. राहिलो मी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आणि नाशिकला दिलेली माझी एकुलती एक सानिका.

सानिकाला दिवस राहिले. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपण आमच्याकडं. हे कुणी ठरवावं लागत नाही, ते ठरलेलंच असतं. आई नाही तर कसं होणार, असं तिच्या सासरी कुणी तरी म्हणालं म्हणे. मी सांगितलं, बाप आहे ना? बाप करील. आतल्या खोलीला रंग दिला. पाळण्याचा हूक छताला घट्ट आहे का, म्हणून स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. सातव्यात ओटी भरून झाली की ती येणार होती. तेवढ्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलत होतो, उगाच आडपडदा कशाला ठेवू.

अशात चष्म्याचा नंबर काढायला गेलो. हल्ली कशालाही गेलं तरी आधी दाब बघतात. वरचा एकशे चौसष्ट आणि खालचा शंभर. म्हटलं, जिना चढून आलोय. बसवून ठेवलं, पुन्हा बघितला. तोच. दोन वेगळ्या दिवशी पुन्हा बोलावलं, तरी तोच. झालं, रक्त काढून घेतलं आणि माझ्या हाताला नाडीपट्टा बांधला.

नाडीपट्ट्याबद्दल थोडं सांगायला हवं. पूर्वी माणसाला नवा रक्तदाब निघाला की डॉक्टर तीन गोष्टी बघायचे. दाब खराच आहे, की दवाखान्याच्या धास्तीनं तेवढ्यापुरता चढलाय? असला तर कशानं आहे? आणि त्यानं आत काही बिघडवलंय का, म्हणजे मूत्रपिंड, हृदय, डोळ्यांचा पडदा? त्यासाठी माणसाशी बोलायचे, रक्त-लघवी तपासायचे, हृदयाचा आलेख काढायचे. या सगळ्याला डॉक्टर लागतात, आणि डॉक्टर तर आता पाच-सहा केंद्रांना मिळून एक. म्हणून हा पट्टा निघाला. तो कातडीतून उजेड आत सोडतो आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनी किती फुगली ते मोजतो. रात्रंदिवस. वर तो घरातल्या सगळ्या यंत्रांशी बोलतो. तुम्ही किती झोपलात, किती मीठ आणलंत, कुणाशी किती वेळ बोललात, सगळं त्याला ठाऊक. महिनाभरानं तो तुमच्या जादा दाबाची वाटणी करतो. इतका मिठाचा, इतका वजनाचा, इतका झोपेचा, इतका अमक्या माणसाचा. शंभर टक्के वाटून मोकळा होतो.

या वाटणीनं भल्याभल्यांची घरं हलली होती. कुणाच्या साहेबाची बदली झाली, कुणी भावाकडं जायचं बंद केलं. एकानं बायकोच्या नावावर तीस टक्के आले म्हणून पेढे वाटले, पण ते वात्रट लोकांचं काम. बहुतेकांना त्याचा फायदाच झाला, हेही खरं. गोळ्या कमी लागत होत्या.

पट्टा बांधताना यंत्रानं गोड बाईच्या आवाजात प्रश्न विचारले. घोरता का? माहीत नाही, ऐकणारं कोणी नाही. तंबाखू, दारू? कधीच नाही. अंगदुखीच्या गोळ्या? नाही. इतर काही औषध चालू आहे? तोंडातली काडी या गालातून त्या गालात सरकवत मी म्हटलं, छे, औषध कशाला? मग विचारलं, जवळची व्यक्ती कोण, अहवाल कुणाला पाठवायचा? सानिकाचं नाव सांगितलं. दुसरं होतं कोण?

महिन्यानं वाटणी आली. मीठ थोडं, वजन थोडं, झोप थोडी. आणि सानिका सेहेचाळीस टक्के.

खाली कारणही दिलं होतं, यंत्र काही वाऱ्यावर बोलत नाही. माझ्या जुन्या नोंदींत दाब ठाकठीक होता. दिवस राहिल्याचं कळल्यापासून सानिका रोज संध्याकाळी फोन करायला लागली, आणि पुढच्या काही आठवड्यांत दाब चढत गेला. त्या काळात माझ्या आयुष्यात दुसरं काहीच बदललं नव्हतं. हे मात्र खरं होतं. माझ्या आयुष्यात बदलण्यासारखं होतंच काय?

त्या संध्याकाळी तिचा फोन आला नाही, चार ओळींचा निरोप आला. पप्पा, मी तुम्हाला ताण देते हे मला कळलंच नाही. माझ्या उलट्या, माझं रडणं, सगळं तुमच्यावर ओतत होते. आता तुम्ही आराम करा. मी रविवारी थोडं बोलत जाईन.

मी लगेच फोन लावला. अगं बाई, हे यंत्र मूर्ख आहे, असं मी सांगायला लागलो. ती नुसती ऐकत होती. मला वाटलं, पटतंय. म्हणून आणखी जोर लावला, आवाज चढवला, आतल्या खोलीच्या रंगापर्यंत पोचलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "पप्पा, तुमचा आकडा माझ्यासमोर आहे. एकशे ब्याऐंशी झालाय. मी ठेवते."

आणि ठेवला.

मला सांगा, आता अशा माणसाशी भांडायचं कसं? मी बोललो तर आकडा चढतो. आकडा चढला की तिचं खरं ठरतं. गप्प राहिलो तर आकडा उतरतो, आणि मग यंत्राचं खरं ठरतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, त्यातली गत. लहानपणी हीच पोर मला सोडून शाळेच्या रिक्षात बसायला तयार नसायची. आता माझ्या जिवासाठी माझ्यापासून लांब राहात होती. राग तरी कुणाचा धरायचा?

पुढं जे झालं त्यानं माझी पुरती कोंडी झाली. रोजचा फोन थांबला आणि माझा दाब खरंच उतरायला लागला. एकशे अठ्ठावन्न, मग बावन्न, मग अठ्ठेचाळीस. यंत्रानं दोघांनाही अभिनंदन पाठवलं. उपाय लागू पडतोय, असाच चालू ठेवा.

सातव्यात ओटी भरली. तिचे फोटो आले, हिरव्या साडीत गोजिरी दिसत होती. फोटोखाली जावयांनी अदबीनं लिहिलं होतं की सर्वांनी विचार करून बाळंतपण नाशिकलाच करायचं ठरवलंय. रोजच्या बोलण्यानं एवढा दाब चढत असेल, तर चोवीस तास घरात बाळंतीण आणि रडतं मूल म्हणजे पप्पांच्या जिवाशी खेळ. मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. उघडं राहिलं की जाता-येता तो पाळण्याचा हूक दिसायचा.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले, सांगण्यासारखं त्यात काही नाही. हेच तर दुखणं. सकाळी उठायचं, चहा करायचा, पिठलं-भात करायचा, टीव्हीतल्या माणसांचं बोलणं ऐकायचं. खालच्या मजल्यावर कुंभोजेवहिनी राहतात. जिन्यात भेटल्या तर मी मान हलवायचो, त्याही हलवायच्या. आमची ही होती तोवर दोघींचं वाटी-वाटीचं येणं-जाणं होतं, आता मी काय मागायला जाणार? पोरीला जवळ घ्यायची माझी पाळी होती आणि ती हुकली, एवढंच डोक्यात घोळायचं. एकटेपणानं कुणी मरत नाही म्हणतात. मरत नसेल, पण रोज मरून पुन्हा चहा करावा लागतो.

शेवटी केंद्रातून बोलावणं आलं. वाटणी झाली तरी डॉक्टरनं एकदा समोर बसवून बघायचं आणि मग केस बंद करायची, असा नियम आहे. आमच्या भागाला डॉक्टर नसीमा बागवान आहेत. पन्नाशीच्या असतील, कपाळावर कायमची आठी. मला वाटलं, दोन मिनिटांत बाहेर.

बाईंनी आधी यंत्राच्या पडद्याकडं बघितलंच नाही. मला खुर्चीत पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला, हात टेबलावर, आणि पाच मिनिटं अजिबात बोलायचं नाही म्हणाल्या. बोललं तरी दाब चढतो म्हणे. मी मनात म्हटलं, बाई, न बोलण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. मग जुन्या पद्धतीचा फुगणारा पट्टा दंडाला बांधून दोन्ही हातांचा दाब घेतला. दोन हातांत फरक असेल तर तीही कारणाची एक खूण असते, असं त्यांनी सांगितलं. डोळ्यांत उजेड मारून पडदा बघितला. तिथंच रक्त-लघवी तपासली, हृदयाचा आलेख काढला; लघवीत प्रथिनं जात नव्हती, हृदयही ठीक होतं. आत काही बिघडलेलं नाही म्हणाल्या. एवढ्यावर उठायला हवं होतं, पण त्या रक्ताच्या एका आकड्यावर अडून बसल्या.

पोटॅशियम कमी होतं. पट्टा बांधला तेव्हाच्या तपासणीत बरंच कमी, आता थोडं बरं. यंत्रानं त्यावर, केळी खात जा, असं लिहून टाकलं होतं. बाईंना ते पटेना. पायात गोळे येतात का विचारलं. मध्यंतरी यायचे, मी म्हटलं, वय झालं. पुन्हा तेच प्रश्न. गोळ्या? नाही. काढे? नाही. औषध? अहो, नाही म्हणतो ना, मी जरा चिडूनच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "मग मघापासून चघळताय काय?"

"काही नाही. ज्येष्ठमध."

बाईंनी पेन खाली ठेवलं. किती खाता, कधीपासून, सगळं खोदून विचारलं. ज्येष्ठमध म्हणजे काय औषध का, घरात हळद-सुंठ असते तसं ते, असं माझं म्हणणं. गायक खातात, लहान पोरांना उगाळून देतात. हां, मी जरा जास्त खायचो. काष्ठौषधींच्या दुकानातला गडी विचारायचा, मुसळे, गाण्याचा क्लास काढला काय? पिशवी भरून न्यायचो, दिवसभर तोंडात काडी. सुरुवात केली ती सानिकाचे रोजचे फोन सुरू झाले तेव्हा. फोन थांबल्यावर कमी केलं होतं. आज इथं बोलावं लागणार, म्हणून सकाळपासून पुन्हा घेतलं होतं.

मग बाईंनी समजावून सांगितलं, तेही मला कळेल असं. मूत्रपिंडात मीठ धरून ठेवणारी एक कडी असते. अंगातलं कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य ती कडी ओढायला टपलेलं असतं, पण दारावर एक राखणदार असतो, तो त्याला फिरकू देत नाही. ज्येष्ठमधातलं गोड सत्त्व या राखणदारालाच झोपवतं. मग कडी ओढलेलीच राहते, मीठ-पाणी अंगात साठतं, दाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. हे एका दिवसात होत नाही, आठवडे जावे लागतात. उतरायलाही आठवडे लागतात. चिमूटभर कधीमधी खाल्लं तर काही होत नाही, पण मी चारा खाल्ल्यासारखा खात होतो.

म्हणजे फोन सुरू, ज्येष्ठमध सुरू. फोन बंद, ज्येष्ठमध कमी. यंत्राला काडी दिसली नाही, फोन दिसला. वाटणी तर शंभराची करायचीच, एक हिस्सा कुणाचा ते माहीत नाही असं म्हणायची त्याला सोयच ठेवलेली नाही. बेवारस हिस्सा त्यानं जवळ उभ्या असलेल्या पोरीच्या पदरात टाकला. जमिनीच्या वाटणीत तलाठीसुद्धा असं करीत नाही हो.

बाई म्हणाल्या, ज्येष्ठमध आजपासून बंद, मीठ कमी, सध्या गोळी नको, काही आठवड्यांनी पुन्हा दाब आणि पोटॅशियम बघू. यंत्रातली नोंद आपण आजच दुरुस्त करतो. मी उठलो तशा त्यांनी विचारलं, "पण मुसळे, एवढं चघळायचं कारण काय? घसा दुखतो का?"

खोटं सांगता आलं असतं. का कुणास ठाऊक, नाही सांगितलं.

"दिवसभर बोलणंच होत नाही," मी म्हटलं. "संध्याकाळी तिचा फोन आला की पहिले शब्द फुटायचे नाहीत, नुसती खरखर. दोन-तीनदा ती घाबरली. पप्पा, आवाज का असा, बरं नाही का? तिला कळायला नको होतं."

प्रश्नावलीत हा प्रश्नच नाही, असं बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बाहेर थांबायला सांगून मला चहा पाजला.

घरी येऊन मी नाशिकला फोन लावला. रविवार नव्हता. तिनं घाबरून उचलला. ज्येष्ठमधाचं सगळं सांगितलं. ती आधी हसली आणि मग रडली. म्हणाली, म्हणजे मी नव्हते? मी म्हटलं, तू कशी असशील? मग तिनं विचारलं, एवढं का खात होतात? डॉक्टरना जे सांगितलं तेच तिलाही सांगितलं. एकदा तोंडातून गेलेलं दुसऱ्यांदा सोपं जातं. मग तेही बोललो जे बापानं बोलायचं नसतं. "सानू, मला इथं एकट्याला करमत नाही. तू ये."

पण आता आठवा लागला होता. बाळाची वार खाली आहे, प्रवास अजिबात करायचा नाही, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "आता नाही येता येणार, पप्पा." ती एवढंच म्हणाली. यंत्रानं नोंद दुरुस्त केली होती, पण गेलेले महिने ते कुठून आणून देणार? एका काडीपायी माझ्या पोरीचं माहेरपण गेलं.

मग मी विचारलं, "मी आलो तर?"

हा प्रश्न साधा नाही. आमच्यात मुलीच्या सासरी बापानं मुक्काम करायचा नसतो. माझे वडील तर लेकीच्या गावचं पाणीसुद्धा घोट-दोन घोटच प्यायचे. सानिका म्हणाली, सासूबाईंना विचारून सांगते. तिचंही बरोबर, घर तिचं एकटीचं नाही. मी म्हटलं, सावकाश विचार, घाई नाही. फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. लाज वाटत होती. लोकांच्या दारात जाऊन, मला राहू द्या, असं म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दिवस कलायच्या आत विहीणबाईंचाच फोन आला. त्यांच्याशी माझं लग्नानंतर कामापुरतंच बोलणं. मी आधीच सांगून टाकलं, तुमची अडचण होत असेल तर राहू द्या, मी सहज विचारलं. त्यांनी माझं पुरं ऐकून घेतलं.

"मुसळे, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं," त्या म्हणाल्या. "तिला हलता येत नाही, मग तुम्ही माहेर घेऊन या. तिची खोली तुमच्या ताब्यात. स्वयंपाकघरात मी चार दिवस पाऊल ठेवणार नाही."

उद्या निघतो, एवढं कसंबसं म्हणालो.

पण माहेर घेऊन जायचं म्हणजे काय न्यायचं? माळ्यावरचा पाळणा मी उतरवीन, बाळंतविडा बाजारात मिळेल. पण लाडू? ही असती तर एव्हाना डबे भरले असते. मला तर डिंक तळतात की भाजतात हेही ठाऊक नव्हतं. बराच वेळ नुसता येरझाऱ्या घालत होतो. मग चपला घातल्या, खाली गेलो आणि कुंभोजेवहिनींचं दार वाजवलं.

वहिनींनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. दोन वर्षांत मी त्या दारात गेलो नव्हतो. म्हटलं, वहिनी, डिंकाचे लाडू शिकवता का, आजच्या आज करायचेत. त्यांनी पदराला हात पुसत विचारलं, कुणाचं बाळंतपण आहे?

"सानिकाचं," मी म्हणालो. "माझ्याकडं आहे."